अक्का, थाप म्हणालीस की थांब?

अक्का,

तू 'था' म्हणालीस. तेवढंच. पुढचं अक्षर तुझ्या वाकड्या झालेल्या ओठांच्या कोपऱ्यात राहून गेलं. पोरांकडून रिकाम्या जागा भरून घेण्यात माझा जन्म गेला, आणि तुझी ही एक जागा काही माझ्याच्यानं भरवत नाही. तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. भाजी चिरताना, फळ्यावर लिहिताना, आंघोळीचं पाणी काढताना मी आपली तोंडातल्या तोंडात 'था, था' करत असते. परवा वर्गातली एक पोरगी वही दाखवायला आली आणि म्हणाली, "बाई, थांबू?" मी एकदम तिच्यावर खेकसले, "कोण म्हणालं थांब?" बिचारी घाबरून जागेवर जाऊन बसली.

घरची म्हणतात, सोड गं, अर्धांगानं जीभ जड झाली होती, बोलली असेल कायतरी. पण तू कायतरी बोलणारी बाई नव्हतीस. एका शब्दात भागत असलं तर दुसरा काढायची नाहीस. म्हणून तर माझा जीव टांगणीला लागलाय. तू 'थाप' म्हणालीस की 'थांब'? थाप म्हणाली असशील, तर मी तुला भलतीच थाप दिली. थांब म्हणाली असशील, तर मी थांबले नाही. दोन्हीकडून मीच सापडते.

रामनगरच्या या घरात मी धाकटी जाऊ म्हणून आले त्याला बावीस वर्षं झाली. मी खानापूरच्या पूर्वेकडची, जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेली. तू कॅसलरॉकची, रुळाच्या कडेला जन्मलेली. गाडी धडधडत निघाली की तिच्यावर आवाज चढवून बोलायची जी सवय तुला लागली ती कायमची. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही थोरली जाऊ माझ्यावर ओरडतेय. तू विचारत होतीस, चहात साखर किती घालू. आठवडाभर मी "अहो अक्का, अहो अक्का" करत होते, तर एक दिवस तू फटकारलंस, "अवो-जावो करू नको गो. घरात पावनी आल्यागत वाटतंय." तेव्हापासून तू माझी 'तू' झालीस.

आणि इथल्या सगळ्या बायकांसारखी तूही "मी येतो, मी जातो, मी करतो" म्हणायचीस. मी पडले मास्तरीण. "येते म्हण अक्का, जाते म्हण," असं मी तुझ्या मागं लागायचे. तू म्हणायचीस, "आलो काय नि आले काय, घरात हाय न्हवं?" तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या.

पण खरी आग भाकरीची. माझी शाळेची बस सकाळी आठ-दहाची. डबा भरायचा म्हणून मी परातीत तांदळाची भाकरी थापायला घ्यायचे. जोंधळ्याची मी डोळे मिटून करीन, पण तांदळाची मला कधी वठली नाही. कडा फुटायच्या, मधे पातळ आणि कडेला जाड व्हायची. तेवढ्यात तू कुठूनतरी उगवायचीस, गोठ्यातून नाहीतर विहिरीवरून, ओल्या हातानं माझ्या हातातला गोळा काढून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "थांब गो, मी थापतो." बस्स. पुढं ना मागं एक शब्द नाही. मी हात धुवायचे, पिशवी उचलायचे आणि धुसफुसत रस्त्यापर्यंत पळायचे. हिला माझी भाकरी खपत नाही, हिला मी खपत नाही, हिच्या लेखी मी अजून चार दिवसांची नवरी, असं सगळं बसच्या खिडकीशी बसून मनात घोळवायचे. बावीस वर्षांत एकदाही तू म्हणाली नाहीस, की जमली गं आज तुझी.

दोन वर्षांपूर्वी बेळगावात आम्हा शिक्षिकांचं तीन दिवसांचं शिबिर झालं, ते तुला आठवतं. आठवायलाच पाहिजे, तिथूनच सगळा घोळ सुरू झाला. पुण्याकडच्या एक बाई शिकवायला आल्या होत्या. विषयाचं नाव ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनालिसिस. दोन माणसं एकमेकांशी बोलतात तेव्हा नक्की काय देतात आणि काय घेतात, कोण कुठल्या जागेवरून बोलतं, ते उलगडून बघायचं शास्त्र. बाई म्हणाल्या, पोटाला जशी अन्नाची भूक तशी माणसाला आणखी एक भूक असते, कुणीतरी आपली दखल घ्यावी याची. ती दखल मिळाली नाही की माणूस वाळत जातो. तिला इंग्रजीत म्हणतात स्ट्रोक. "पण आपल्याकडं स्ट्रोक म्हटलं की लोक दवाखान्यात पळतात," बाई हसत म्हणाल्या, "म्हणून आपण म्हणू या थाप. पाठीवरची थाप." हॉलमधल्या सगळ्या बायका हसल्या. अक्का, मीसुद्धा हसले.

मग त्यांनी सगळ्यांना एकेक चिठ्ठी दिली. ज्या एका माणसाकडून थाप मिळावी असं तुम्हाला मनापासून वाटतं, त्याचं नाव लिहा, कुणाला दाखवू नका. शेजारणीनं नवऱ्याचं नाव लिहिलेलं मला दिसलं. मी पेन टेकवलं आणि लिहिलं, 'अक्का'. माझं मलाच नवल वाटलं. चिठ्ठीची घडी करून मी पर्समध्ये टाकली. ती अजून तिथंच आहे, तुला कधी दाखवली नाही.

घरी आले तर तू परसात बसून उकडलेली कणगं, रताळ्यासारखे कंद, सोलत होतीस. एक सोललेलं कणंग माझ्या हातावर ठेवलंस आणि विचारलंस, "काय शिकीवलं गो?"

"अक्का, माणसाला थाप लागते. थापेशिवाय माणूस जगू शकत नाही."

तू हातातलं काम थांबवलंस. "असं शिकिवत्यात? मास्तरनींस्नी?"

"हो."

"मग तुजे भावजी थापा मारत्यात म्हनून त्यास्नी का हसतीस? जगायसाठनंच मारत्यात की."

भावजी म्हणजे तुझा नवरा, आणि त्यांची थाप म्हणजे तो कुळगीच्या रस्त्यावरचा वाघ. कधीकाळी त्यांनी मोटरसायकलवरून जाताना पाहिलेला, आणि दर वर्षी हातभर लांब होत गेलेला. मी हसून हसून लोळले. मग पाणी पिऊन तुला समजावलं, की अगं ही थाप वेगळी, ती खोट्याची आणि ही पाठीवरची. तू म्हणालीस, "थाप ती थाप. पाटीवर मारा न्हाईतर तोंडावर."

"पाठीवरची खरी असते अक्का."

"कशावरनं?"

मग मी विषय बदलला. शेजारी भाकरीसाठी काढून ठेवलेल्या पिठाच्या परातीत बोटानं एकाखाली एक तीन गोल काढले. म्हटलं, प्रत्येकाच्या आत तीन माणसं बसलेली असतात. वरचा पालक. तो सारखा सांगतो, असं कर, तसं करू नको.

"ही भाकरी करपलीया," तू म्हणालीस.

मधला प्रौढ. तो डोकं शांत ठेवून बघतो, काय आहे आणि काय नाही.

"ही बरी भाजलीया. आनि खालची?"

खालचं मूल. ते हसतं, रडतं, रुसतं, हवं ते मागतं.

खालच्या गोलावर तू बोट ठेवलंस. "ही कच्ची हाय गो," म्हणालीस. "हिला कोन शेकनार?" आणि हात फिरवून तिन्ही गोल पुसून टाकलेस, कारण त्या पिठाची तुला भाकरी करायची होती.

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण शिबिरातून आलेली बाई गप्प कशी बसेल? त्याच संध्याकाळी मी तुझ्यापुढं उभी राहिले आणि म्हटलं, "अक्का, मी या घरात येऊन वीस वर्षं झाली, तू मला एकदाही चांगलं म्हणाली नाहीस."

"बरं हाय त्याला बरं कशाला म्हनायचं? नडलं तर म्हनतो की."

"पण मला ऐकायचं असतं."

"व्हय, पर तू काय ल्हान हाईस?"

"बघ! हाच तो 'व्हय, पर'चा खेळ. बाईंनी सांगितलाय. समोरचा काहीही म्हणाला की तू 'व्हय, पर' म्हणून परतवतेस."

"व्हय, पर," तू म्हणालीस, "खेळायला दोगी लागत्यात न्हवं?"

तुझं खरं होतं. म्हणूनच मला ते झोंबलं. मी म्हणाले, "ही तुझी वरची भाकरी बोलतेय. करपलेली." हे मी म्हणाले, अक्का. तुझी चेष्टा तुझ्याच तोंडावर फेकली. तू काही बोलली नाहीस. चार दिवस काही बोलली नाहीस.

शिबिरात सांगितलं होतं, की चांगली थाप मिळत नसेल तर माणूस वाईट थापेवरही जगतो. शिव्या चालतात, टोमणे चालतात, पण काहीच नसणं चालत नाही. वहीत मी ते छान अक्षरात उतरवून घेतलं होतं. त्या चार दिवसांत ते मला अंगानं कळलं. तू ताट वाढायचीस, बाजूला ठेवायचीस आणि जायचीस. सकाळी माझ्या हातातला गोळासुद्धा काढून घेतला नाहीस. मी माझ्या फुटक्या कडांच्या भाकऱ्या थापत बसायचे. त्या चारातले दोन दिवस माझी बस चुकली.

पाचव्या दिवशी जेवताना तू म्हणालीस, "आज तुजी आमटी बरी झालीया."

माझा घास हातात राहिला. "खरंच?"

तू डोळा मिचकावलास. "थाप."

"कुठली थाप? पाठीवरची की दुसरी?"

तू भात वाढून घेतलास, "साकु", म्हणजे पुरे, असं कानडीत म्हणालीस, आणि हसत जेवत राहिलीस. त्या दिवसापासून रोज एक. या रंगाची साडी तुला शोभती गो. तुज्या शाळंतली पोरं भेटली की रामराम करत्यात, वळन हाय त्यास्नी. केस आजून काळं हैत तुजं. आता माझे केस पांढरे झालेत हे आंधळ्यालाही दिसेल. म्हणजे ती नक्की थाप होती. मग साडीचं? मग पोरांच्या वळणाचं? मी दर वेळी विचारायचे, ही कुठली? आणि तू दर वेळी म्हणायचीस, थाप. मी चिडायचे, आणि एखाद्या दिवशी संध्याकाळपर्यंत काही आलं नाही की उगाच तुझ्या अवतीभोवती घोटाळायचे. तू ओळखायचीस. "ऱ्हायली व्हय आजची?" म्हणायचीस.

दोन वर्षं तू मला थापा दिल्यास. मी तुला किती दिल्या? आता आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली. एक आठवत नाही. मी फक्त मागत होते आणि तपासत होते.

गेल्या साली तुझ्या माहेरच्या लग्नाला आपण दोघी कॅसलरॉकला गेलो होतो. परतीच्या गाडीची वाट बघत फलाटावरच्या बाकावर बसलो होतो. घाटातून मालगाडी चढत होती आणि तिच्या आवाजावर तू मोठ्यानं मला तुझ्या बापाचं सांगत होतीस.

"आमचा बा गँगमन. रुळावरनं चालत घरला यायचा. दारात उबा ऱ्हाऊन आमाला मोजायचा. एक, दोन, तीन, चार, पाच. मग चा. कवा कुनाला शानी म्हनला न्हाई, येडी बी म्हनला न्हाई. पर मोजल्याबिगर चा प्याला न्हाई."

मी लगेच मास्तरीण झाले. म्हटलं, अक्का, थापा दोन तऱ्हेच्या असतात. एक काहीतरी केल्याबद्दलची आणि एक नुसतं असल्याबद्दलची. तुझ्या बाबांची ही असल्याबद्दलची. सगळ्यात मोठी.

तू माझं ऐकतच नव्हतीस. "एकदा मी मुद्दाम पानी तापवायच्या हंड्यामागं लपलो," तू सांगत होतीस. "त्यानं मोजलं. चार भरली. परत मोजलं. परत मोजलं. चा निवला."

"मग?"

"मग काय, भाईर आलो की. रडाय लागला व्हता बा."

मालगाडी गेली. एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत तू, आयुष्यात पहिल्यांदा असेल, हळू आवाजात म्हणालीस, "आता मला कोन मोजनार गो?"

अक्का, तेव्हा 'मी' एवढं एक अक्षर पुरेसं होतं. मी मोजते. मी रोज मोजते. शाळेतून आले की आधी तुझा आवाज कुठून येतोय ते बघते आणि मग चपला काढते. हे सगळं खरं होतं आणि जिभेवर होतं. पण मी काय म्हणाले? मी म्हणाले, "थाप हवी असेल तर मागावी अक्का. मागायची लाज धरू नये, असं आमच्या बाई सांगतात." तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "मागीन कवातरी." तेवढ्यात आपली गाडी आली.

आणि मग तो सोमवार. सकाळी तू परसात पडलीस. गाडी करून तुला बेळगावला नेलं. डॉक्टर तपासून बाहेर आले आणि म्हणाले, "स्ट्रोक आहे."

मला हसू फुटलं. खोटं कशाला सांगू. तिथं, तुझ्या नवऱ्यासमोर, दवाखान्याच्या बोळात मला हसू फुटलं. भावजींनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. त्यांना काय सांगणार होते? की शिबिरात शिकवलंय, माणूस स्ट्रोकशिवाय जगू शकत नाही? मी जिन्यात जाऊन भिंतीला डोकं टेकून रडले. नंतर भावजी विचारायला आले की चहा घेणार का. त्या हसण्याबद्दल त्यांनी अजूनपर्यंत एक अक्षर विचारलेलं नाही, आणि मलाही ते कसं काढावं कळत नाही.

बुधवारी दुपारी तुझ्याजवळ बसायची माझी पाळी होती. तुझी उजवी बाजू गेली होती. डोळे उघडे होते आणि तुझेच होते. मी स्टुलावर बसून तुझे पाय चेपत होते. तू डाव्या हातानं माझा पदर धरलास.

"था…"

"काय अक्का?"

"था…"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, मागतेय ही. 'मागीन कवातरी' म्हणाली होती, ती आज मागतेय. आपला खेळ हिच्या ध्यानात आहे, म्हणजे डोकं शाबूत आहे. मी वाकून तुझ्या कानाशी म्हटलं, "डॉक्टर म्हणालेत, आठ दिवसांत घरी सोडतो. पंधरा दिवसांत तू परत भाकऱ्या थापायला लागशील बघ."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. तू पाठीवरची मागितलीस, आणि मी तोंडावर मारली. पाठीवरची खरी असते म्हणून तुला मीच शिकवलं होतं.

तू मान हलवलीस. इकडून तिकडं. न्हाई. आणि परत म्हणालीस, "था."

साडेतीन वाजले होते. चारला माझी बस होती. दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणीला साहेब येणार होते आणि माझी रजिस्टरं अर्धवट पडली होती. भावजी दारात येऊन उभे राहिले होते. मी तुझ्या मुठीतून पदर सोडवून घेतला. एकेक बोट उचलून सोडवला, तुझ्या डाव्या हातात चांगलीच ताकद होती. "उद्या येते," म्हटलं.

सकाळी सातला फोन आला.

नंतर मी भावजींना विचारलं, मी गेल्यावर काय काय झालं. ते म्हणाले, तुम्ही बसला होता त्या स्टुलाकडं ती बोट दाखवत होती. मी स्टूल बाजूला केलं तर परत बोट. जवळ आणलं तर परत बोट. काय पायजे ते शेवटपर्यंत कळंना. आता तूच सांग, ज्या माणसाचा वाघ दर वर्षी हातभर वाढतो त्याचं किती धरायचं? मला बरं वाटावं म्हणून सांगितलं त्यांनी, की मला बोचावं म्हणून? ते हसणं ते विसरले नसतील, तर बोचावं म्हणूनही असेल. की खरंच तसं झालं? आणि झालं असेल, तर ते बोट कशासाठी होतं? तू मोजत होतीस का अक्का? आणि एक कमी भरत होतं का?

मी त्या शिबिराच्या बाईंना फोनसुद्धा लावला. वही उघडून नंबर शोधला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुमच्यातला पालक तुम्हाला दोष देतोय, तुम्ही प्रौढाच्या जागेवरून विचार करा. मी तसा विचार करून बघितला. माझ्यातला प्रौढ म्हणतो, भेटीची वेळ संपली असती, नर्सनं चारला बाहेर काढलंच असतं, आणि मी तिथंच राहिले असते तरी सकाळ काही टळली नसती. बरोबर आहे. वरचा म्हणतो, बोटं सोडवलीस तू. तेही बरोबर आहे. आणि खालचं कच्चं पोर काहीच म्हणत नाही. ते नुसतं वाट बघत बसलंय, की संध्याकाळ झाली, आजची थाप अजून आली नाही. तीन गोल काढणं फार सोपं होतं अक्का.

एवढं मात्र मला धड सांगता येतं, आणि ते आता सांगते, कुणी 'ही कुठली' विचारायला नाही तर नाही. तू मला हवी होतीस. भाकरीसाठी नाही, माझं घर सांभाळलंस म्हणून नाही, मला बरं म्हणावंस म्हणूनही नाही. नुसतीच हवी होतीस, मोठ्यानं बोलत, इकडून तिकडं. हे त्या स्टुलावर बसून म्हणायला एक मिनिट लागलं असतं आणि बससुद्धा मिळाली असती.

आता आज सकाळचं सांगते. तुझी लेक वैजू अजून इथंच आहे, महिनाअखेरीपर्यंत गोव्याला सासरी जाणार नाही म्हणते. मी डब्यासाठी पीठ मळलं, गोळा केला आणि भाकरी थापायला घेतली. मागून दोन ओले हात आले. गोळा माझ्या हातातून गेला.

"थांब काकू, मी थापतो."

तुझाच आवाज. तुझंच 'थापतो'. आणि पाठोपाठ माझा तो जुना रागही आला, जसाच्या तसा. मी म्हणाले, "का गं? माझी भाकरी एवढी वाईट असते का?"

वैजूनं गोळा पिठात घोळवला. "भाकरीचं काय? तुजी गाडी चुकंल की. आई सांगून ठेवायची, काकूच्या हातात पीठ दिसलं की आदी काडून घे. ही बाई भाकरी सोडनार न्हाई आनि गाडी चुकवून बसनार."

बावीस वर्षं, अक्का. आणि त्या अबोल्याच्या चार दिवसांत दोनदा बस चुकली तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

पण आता गुंता सुटला म्हणशील, तर न्हाई, वाढलाच. 'थांब गो, मी थापतो.' थांब आणि थाप, दोन्ही एकाच वाक्यात होते, आणि ते वाक्य तू रोज म्हणायचीस. त्या दुपारी तू तेच म्हणत होतीस का? घड्याळाकडं बघून, मास्तरणीची गाडी चुकेल म्हणून? मग तू मला थांब म्हणत नव्हतीस, जा म्हणत होतीस. मग मी गेले ते बरोबर झालं. मग पदर का धरलास? आणि जाच म्हणत होतीस, तर माझं बोलणं ऐकून मान कशाला हलवलीस? मी वैजूलाच विचारणार होते, पण तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं.

मी तिच्या हातातून गोळा परत घेतला. म्हटलं, "तू बस. मी थापते."

"आनि गाडी?"

"जाऊ दे."

भाकरी थापली. कडा फुटल्याच. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला, दोनदा, माझ्यासाठीच वाजवला असेल, आणि बस गेली. वैजूनं चहा गाळला. भावजी येऊन दाराशी बसले, त्यांच्यामागून आमचे हेही आले. सगळ्यांच्या हातात कप दिले आणि मी माझा घेतला.

मग मी मोजलं. चार भरली. परत मोजलं. परत मोजलं. चहा निवला.